दत्तक आणलेल्या कुत्रीला अचानक पिल्लं झाली: त्यांना चांगली घरं कशी शोधायची? (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

रस्त्यावरून उचललेली किंवा कुणी सोडून दिलेली कुत्री घरी येते. ती जरा खायला-प्यायला लागते, अंग भरतंय म्हणून सगळ्यांना बरं वाटतं, आणि मग डॉक्टर सांगतात की ही गाभण आहे. पुण्यात आम्हा काही जणांकडे पिल्लांसाठी जे फोन येतात, त्यातले बरेच अशा घरांतून आलेले असतात. माणसं मनाने चांगली असतात, फक्त पार भांबावलेली असतात. "लवकरात लवकर पिल्लं कुठे देता येतील?" हा त्यांचा पहिला प्रश्न. माझं सांगणं दर वेळी एकच असतं: देण्याची घाई करू नका, शोधायला मात्र आजच लागा. पिल्लं आठ आठवडे आईजवळ राहायलाच हवीत. घरं पारखायला तेवढा वेळ पुरतो.

ती गाभण आहे हे नक्की कसं कळणार? किती दिवस हातात असतात?

कुत्रीचे दिवस साधारण ६३ असतात, चार-पाच दिवस इकडेतिकडे. पंचविसाव्या-तिसाव्या दिवसापासून सोनोग्राफीत कळतं. शेवटच्या आठवड्यात एक्स-रे काढला तर कवट्या आणि मणके मोजून पिल्लं किती आहेत ते डॉक्टर बऱ्यापैकी नेमकं सांगतात. हा एक्स-रे जरूर काढून घ्या. सहा पिल्लं आहेत हे माहीत असेल तर पाचव्यानंतर ती थांबली की लगेच लक्षात येतं. शिवाय किती घरं शोधायची आहेत तेही आधीच कळतं.

दिवस थोडेच झाले असतील तर त्या अवस्थेतही नसबंदीचं ऑपरेशन होऊ शकतं. काही जणांना हा विचार सहन होत नाही, काहींना तोच बरोबर वाटतो. कुत्रीची तब्येत बघून, डॉक्टरांशी बोलून ठरवा. कुणी काहीही ठरवलं तरी मी त्यांना नावं ठेवत नाही.

एक गोष्ट मात्र टाळा. "अशक्त आहे" म्हणून मनाने कॅल्शियमचं टॉनिक सुरू करू नका. दिवस भरत असताना जादा कॅल्शियम दिलं तर व्यायल्यावर तिच्या रक्तातलं कॅल्शियम अचानक उतरण्याचा धोका वाढतो. पिल्लं दोन-चार आठवड्यांची असताना आई थरथरायला लागली, पाय ताठ झाले, धापा टाकू लागली, तर सकाळची वाट न बघता त्याच रात्री दवाखाना गाठा.

व्यायच्या वेळी काय तयारी लागते?

घरातला शांत, कोरडा कोपरा, जुन्या चादरी आणि रात्री सुरू असलेल्या दवाखान्याचा नंबर. तिचा ताप दिवसातून दोनदा मोजत राहा. तो ३७ अंशांच्या आसपास उतरला की चोवीस तासांत ती व्यायला लागते. अर्धा तास जोरात कळा देऊनही पिल्लू आलं नाही, किंवा पोटात पिल्लं असताना दोन तास काहीच हालचाल नाही, तर डॉक्टरांना फोन करा. बाकी वेळ तिला तिचं काम करू द्या. नातेवाइकांना बघायला बोलावू नका.

सगळे तर महिन्या-दीड महिन्यात पिल्लं देतात. आठ आठवडे कशाला थांबायचं?

पहिले दहा-चौदा दिवस पिल्लाचे डोळे मिटलेले असतात. ऐकू यायला तिसरा आठवडा उजाडतो. म्हणजे एक महिन्याच्या पिल्लाला जग दिसायला लागून जेमतेम दोन आठवडे झालेले असतात. पुढच्या चार आठवड्यांत ते भावंडांशी मारामाऱ्या करतं. जोरात चावलं की दुसरं किंचाळतं आणि खेळ थांबतो. आईच्या अंगाशी जास्त दात लावले की ती गुरकावते आणि उठून जाते. दात किती जोरात लावायचे हे पिल्लू तिथेच शिकतं. तिसाव्या दिवशी उचलून नेलेलं पिल्लू हे शिकलेलं नसतं. मग सहा महिन्यांचं झाल्यावर घरातल्या लहान मुलाचे हात ओरबाडले जातात आणि "चावरं आहे, परत घेऊन जा" असा फोन येतो. पिल्लाचा त्यात काही दोष नसतो.

कायद्याची बाजूही हीच आहे. केंद्र सरकारच्या २०१७ च्या कुत्र्यांच्या पैदास आणि विक्रीसंबंधीच्या नियमांनुसार आठ आठवड्यांखालचं पिल्लू विकता येत नाही. तुम्ही विकत नाही आहात, पण विकणाऱ्याला जे बंधन आहे ते प्रेमाने देणाऱ्याने नक्कीच पाळावं.

या आठ आठवड्यांत आम्ही काय काय करायचं?

पहिले दोन-तीन आठवडे बहुतेक सगळं आईच करते. तुम्ही तिला पोटभर खायला घाला, नेहमीच्या दुप्पट-तिप्पट, दिवसातून चार वेळा. पिल्लांना ऊब मिळते आहे ना ते बघा, आणि रोज एकाच वेळी स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर प्रत्येकाचं वजन करून वहीत लिहा. जन्माचं वजन दहा-बारा दिवसांत दुप्पट व्हायला हवं. एखाद्याचा आकडा दोन दिवस हलला नाही, तर ते मागे पडतंय हे डोळ्यांना दिसण्याआधी वहीत दिसतं. गाईचं दूध पाजू नका, जुलाब होतात. वरचं दूध द्यायची वेळ आलीच तर पिल्लांसाठीची दूध पावडर मिळते ती आणा. बाटलीने पाजताना पिल्लू पोटावर असू द्या. उताणं धरून पाजलं तर दूध फुप्फुसात जातं.

दुसऱ्या आठवड्यापासून दर पंधरा दिवसांनी जंताचं औषध, डॉक्टरांनी वजनावर ठरवून दिलेलं. चौथ्या आठवड्यापासून मऊ खाणं: पिल्लांचं खाद्य कोमट पाण्यात भिजवून, किंवा उकडलेल्या चिकनबरोबर अगदी मऊ भात. हाडं, मीठ, कांदा नको. पहिली लस सहा ते आठ आठवड्यांच्या दरम्यान, पुढचे डोस तीन-चार आठवड्यांनी सोळाव्या आठवड्यापर्यंत, आणि तिसऱ्या महिन्यात रेबीज. यातलं जे झालं ते प्रत्येक पिल्लाच्या स्वतंत्र कार्डावर चढवा, ते कार्ड पिल्लाबरोबर नव्या घरी जातं.

दुसरं काम कुणी सांगत नाही, पण माझ्या मते घर टिकण्यासाठी तेच सगळ्यात महत्त्वाचं आहे. तिसऱ्या आठवड्यापासून साधारण तिसऱ्या महिन्यापर्यंत पिल्लू जे बघतं, ऐकतं, त्याला ते पुढे सहसा घाबरत नाही. त्यामुळे त्यांना वरच्या खोलीत किंवा गच्चीवर बंद ठेवू नका. स्वयंपाकघराच्या दाराशी ठेवा. कुकरची शिट्टी, मिक्सर, दाराची बेल, टीव्हीवरच्या मालिकेची भांडणं, फरशीवर पडलेलं ताट, उघडलेली छत्री, काठी घेऊन चालणारे आजोबा, सगळं त्यांच्या कानाडोळ्यांवरून जाऊ द्या. रोज प्रत्येकाचे पंजे हातात धरा, कान उचलून बघा, तोंड उघडून बघा. पुढे नखं कापताना आणि गोचिडी काढताना नव्या घरच्यांचं निम्मं काम झालेलं असतं.

लोकांना पिल्लं बघायला घरी बोलवावं का?

पाचव्या-सहाव्या आठवड्यानंतर, आणि एका वेळी एकच कुटुंब. चपला बाहेर, हात साबणाने धुऊन. पार्व्हो, म्हणजे ज्याला आपण पिल्लांचा गॅस्ट्रो म्हणतो, त्याचे विषाणू चपलेच्या तळाला चिकटून घरात येतात आणि जमिनीवर महिनोन्‌महिने जिवंत राहतात. साध्या फिनाइलने ते मरत नाहीत, ब्लीच लागतं: एक भाग ब्लीच, तीस भाग पाणी, आणि फरशी वाळेपर्यंत पिल्लं दुसरीकडे. बघायला आलेला माणूस त्याच दिवशी आणखी तीन ठिकाणी पिल्लं बघून आला असेल तर त्याला सरळ दुसऱ्या दिवशी बोलवा.

जाहिरात कशी लिहायची?

"सहा गोंडस पिल्लं, मोफत, ताबडतोब न्या" असं लिहू नका. मोफत आणि ताबडतोब हे दोन शब्द वाचून नको ती माणसं आधी येतात. प्रत्येक पिल्लाचा वेगळा फोटो टाका, दिवसाच्या उजेडात, त्याच्या उंचीवर बसून काढलेला. मजकूर खरा असावा. उदाहरणार्थ:

"मादी, रंग तपकिरी, उजवा पंजा पांढरा. १२ तारखेला आठ आठवडे पूर्ण होतील. जंताचे तीन डोस आणि पहिली लस झाली आहे. भावंडांत सगळ्यात शांत, अनोळखी माणसाकडे जायला थोडा वेळ घेते, मग मांडीवरून उठत नाही. आई देशी, मध्यम उंचीची, साधारण १६ किलो. घर बघून, घरच्या सगळ्यांशी बोलूनच देणार. वेळेवर नसबंदी करण्याची अट आहे."

ही जाहिरात वाचून कमी फोन येतील. चालेल. व्हॉट्सॲपवर सोसायटीच्या, शाळेच्या पालकांच्या, ऑफिसच्या ग्रुपमध्ये आधी टाका, कारण ओळखीतून ओळख निघते आणि त्या घराची चौकशी करता येते. तुमच्या डॉक्टरांना सांगा. ज्यांचा म्हातारा कुत्रा गेल्या वर्षी गेला आणि ज्यांनी त्याला शेवटपर्यंत सांभाळला, ती घरं त्यांना ठाऊक असतात. अशा घरासारखं घर नाही.

फोन आला की काय विचारायचं? चौकशी केली तर लोक चिडत नाहीत का?

चिडणारे चिडतात. "कुत्रंच तर आहे, मुलीचं लग्न ठरवताय का?" असंही म्हणतात. तिथेच थांबायचं, पुढे बोलायची गरज उरत नाही. बाकीच्यांशी गप्पांसारखं बोला. बहुतेक फोन असे सुरू होतात:

"ताई, पिल्लू आहे का? मेल पाहिजे."

"आहे ना दादा. घरी कोण कोण असतं?"

"मी, मिसेस, दोन मुलं. आई असते."

"आईंना आवडतं का कुत्रं?"

इथे जो जरासा थांबतो त्याच्या घरी मी आईंशी बोलल्याशिवाय पिल्लू देत नाही. दिवसभर पिल्लाजवळ त्या असणार, शी-शू त्या बघणार, आणि त्यांचाच नकार असेल तर पिल्लू महिन्याभरात परत येतं किंवा गॅलरीत बांधलं जातं. देवघराचं सोवळं, केस गळणं, गुडघेदुखी, सगळं त्यांना मोकळेपणाने बोलू द्या. दत्ताच्या पायाशी कुत्री आहेत याची आठवण कितीतरी आज्या स्वतःच करून देतात आणि होकार देतात. ज्यांचा मनापासून नकार आहे त्यांच्या नकाराचा मान ठेवा.

आणखी विचारायचं ते असं: दिवसाचे किती तास घर बंद असतं? रात्री कुत्रं कुठे झोपेल? गावाला गेलात तर कोण बघेल? आधी कुत्रं होतं का, त्याचं काय झालं? हा शेवटचा प्रश्न कधीही सोडू नका. "गाडीखाली आलं, मग दुसरं आणलं, ते हरवलं" असं जो सहज सांगतो, त्याच्याकडे तिसरं पाठवायचं नाही. आणि खर्चाबद्दल स्पष्ट बोला: लसी, खाणं, पावसाळ्यात गोचिडीचा ताप. देशी कुत्रं बारा-चौदा वर्षं जगतं. दहावीतल्या मुलाच्या हट्टासाठी घेतलेलं कुत्रं तो शिकायला बाहेरगावी गेल्यावर आईवडीलच सांभाळणार आहेत, हे आधीच बोललेलं बरं.

"आमच्या शेतावर मोकळं राहील" असं म्हणतात. द्यावं का?

शेतावर माणसं राहतात का, एवढं विचारा. ज्या वस्तीवर घरचे लोक राहतात, भाकरी घरात शिजते, कुत्रं अंगणात झोपतं आणि पोरांच्या मागे बांधावर फिरतं, तिथे पिल्लू शहरातल्या फ्लॅटपेक्षा सुखात राहील. अशी घरं मी आनंदाने निवडते. तिथे रेबीजच्या लसीचा आणि नसबंदीचा शब्द घ्या. बिबट्याचा वावर असलेला भाग असेल तर रात्री कुत्रं आत किंवा बंदिस्त गोठ्यात घेणार ना, तेही विचारा. जुन्नर, आंबेगाव भागात हा प्रश्न खरा आहे. पण शनिवार-रविवारीच उघडणाऱ्या फार्महाऊसच्या राखणीला, साखळीवर, रखवालदार खायला घालेल या भरवशावर पिल्लू कधीही देऊ नका.

घर प्रत्यक्ष बघायलाच हवं का?

हो. पिल्लू तुम्ही स्वतः नेऊन सोडा, म्हणजे घर आपोआप बघून होतं. आत गेल्यावर आधी गॅलरी बघा. ग्रिलच्या खालच्या दोन गजांमध्ये तुमची मूठ जाते का? जात असेल तर दोन महिन्यांच्या पिल्लाचं डोकं जातं, आणि डोकं गेलं की मागचं अंग जातं. शेडनेट किंवा जाळी लावायला सांगा, ती लावल्यावर पिल्लू द्या. मग जमिनीलगतच्या वायरी, उंदराचं औषध, जिन्याचं दार. पाण्याचं भांडं आणि झोपायची जागा आधीच तयार असेल तर मला फार बरं वाटतं. लांबच्या गावी घर असेल तर व्हिडिओ कॉल करा आणि तिथल्या ओळखीच्या माणसाला जाऊन यायला सांगा.

सगळ्यांना नर हवा आहे. माद्यांचं काय?

खरं आहे आणि वाईट आहे. "मादी म्हणजे पिल्लांची कटकट" हे कारण सांगतात. ऑपरेशन झालं की ती कटकट उरत नाही. ती माजावर येत नाही आणि गर्भाशयात पू होण्याच्या जिवावरच्या आजारातूनही वाचते. मी फोनवर आधी माद्यांबद्दलच बोलते. सोय असेल तर मादीच्या ऑपरेशनचा खर्च तुम्ही किंवा मित्रमंडळी मिळून उचला आणि तसं जाहिरातीत लिहा, फरक पडतो.

काळ्या पिल्लाबद्दल वेगळेच फोन येतात...

येतात. काहींना काळं अशुभ वाटतं म्हणून नको असतं, तर काहींना ज्योतिषाने सांगितलं म्हणून काळंच हवं असतं. दुसऱ्या प्रकारच्या फोनला नम्रपणे नाही म्हणा. उपाय संपला किंवा गुण आला नाही की त्या कुत्र्याचं घरातलं काम संपतं. काळ्या पिल्लाचा फोटो सावलीत काढू नका, उन्हात फिक्या रंगाच्या चादरीवर काढा. डोळे दिसले की बघणारा थांबतो.

कोणत्या जातीची आहेत? मोठी किती होतील?

आई सांगता येते, बाप सहसा सांगता येत नाही. एकाच वेताच्या पिल्लांचे बाप वेगवेगळेही असू शकतात, म्हणून एक लांब केसांचं आणि बाकीची आखूड केसांची निघतात. "लॅब मिक्स आहे" असं अंदाजाने सांगून पिल्लू खपवू नका. लॅब्रॅडॉरच्या आशेने नेलेलं पिल्लू आठव्या महिन्यात सडपातळ, उभ्या कानांचं झालं की त्या घरातली माया कमी होताना मी पाहिली आहे. देशी म्हणा. हवा मानवणारं, हुशार, काटक कुत्रं आहे म्हणा. ज्याला ते हवं आहे तो येईल.

पैसे घ्यावेत का?

पिल्लाची किंमत घेऊ नका. विक्री करायची तर राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी लागते, आणि आपला तो हेतूच नाही. पुढच्या लसीचे पैसे नेणाऱ्याने थेट दवाखान्यात भरावेत, हे मला योग्य वाटतं. तेवढेही जड वाटत असतील तर तेव्हाच कळतं.

लिहून घ्यावं का?

एक पान पुरतं. दोघांची नावं, पत्ते, ओळखपत्राची प्रत, पिल्लाचा फोटो, झालेल्या लसी, आणि चार अटी: लसी वेळेवर, डॉक्टर सांगतील त्या वयात नसबंदी, परस्पर दुसऱ्या कुणाला द्यायचं नाही, सांभाळणं जमलं नाही तर आमच्याकडेच परत. चौथी अट मोठ्याने वाचून दाखवा, आणि दिवसा-रात्री केव्हाही फोन करा म्हणावं. बरीच पिल्लं रस्त्यावर जातात ती परत द्यायची लाज वाटते म्हणून.

भाड्याचं घर किंवा कुत्र्यांना विरोध करणारी सोसायटी असेल तर?

भाड्याच्या घरात मालकाची लेखी परवानगी मागा, व्हॉट्सॲपवरची असली तरी चालेल. सोसायटीला मात्र सदस्याने कुत्रं पाळण्यावर सरसकट बंदी घालता येत नाही. भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाच्या २०१५ च्या मार्गदर्शक सूचनांत ते स्पष्ट आहे, लिफ्टचा वापरही त्यात येतो. महापालिकेचा कुत्र्याचा परवाना मात्र काढायला सांगा.

दोन भावंडं एकत्र द्यावीत का?

सहसा नको. ती एकमेकांतच रमतात, माणसाचं ऐकायला उशिरा शिकतात, आणि दोन बहिणी मोठेपणी भांडतात असंही होतं. मोठं घर आणि अनुभवी माणसं असतील तर अपवाद करा.

अमेरिकेतल्या भावाला हवं आहे, पाठवता येईल?

लगेच नाही. अमेरिकेत ऑगस्ट २०२४ पासून सहा महिन्यांखालचं कुत्रं नेता येत नाही. मायक्रोचिप लागते, आणि भारत रेबीजच्या जोखमीच्या देशांत असल्यामुळे जादा कागदपत्रंही लागतात. तोवर सांभाळायला इथे कुणी असेल तरच शब्द द्या.

एखाद्याला घर मिळालंच नाही तर? लोक म्हणतात मंदिरापाशी सोडा, भाविक खायला घालतात.

सोडू नका. तिथल्या कुत्र्यांची हद्द ठरलेली असते, दोन महिन्यांचं पिल्लू त्यांच्या तावडीत सापडलं तर वाचत नाही. वाचलं तर रस्ता आहे, पार्व्हो आहे. प्राणी उपाशी-तहानलेला राहील अशा स्थितीत त्याला टाकून देणं हा १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याने गुन्हाही आहे. त्या पिल्लाला आणखी महिना-दोन महिने ठेवा, लसी पूर्ण करा, फोटो नवे काढा. चार महिन्यांच्या, शी-शू बाहेर करणाऱ्या, पट्ट्याने चालणाऱ्या पिल्लाला नोकरदार जोडपी आवडीने नेतात, हे त्या महिन्यांत निराश झालेल्या प्रत्येकाला मी सांगते. तुम्हाला ठेवणं अशक्यच असेल तर तात्पुरतं सांभाळणारं घर शोधा आणि खाण्याचा खर्च तुम्ही द्या.

आईचं ऑपरेशन कधी करायचं?

पिल्लं दूध प्यायची थांबली आणि तिचं दूध आटलं की. साधारण व्यायल्यानंतर दोन-अडीच महिन्यांनी. सगळी पिल्लं जाईपर्यंत थांबू नका, आणि तोवर तिला मोकळं सोडू नका. पिल्लांना घरं शोधण्याच्या धावपळीत तिचं ऑपरेशन मागे पडतं आणि सहा महिन्यांनी ती पुन्हा माजावर येते. पिल्लं महिन्याची झाली की डॉक्टरांकडून तारीख घेऊन ठेवा.

दिलेलं पिल्लू परत आलं तर?

घ्या, आणि आणून देणाऱ्याला बोल लावू नका. तुम्ही चिडलात ही गोष्ट चार घरी जाते आणि पाचवा माणूस परत करण्याऐवजी सोडून देतो. का जमलं नाही ते मात्र नीट विचारा: रात्री रडत होतं, लेकराला ॲलर्जी निघाली, की कुणी वेळच दिला नाही? तेच पुढच्या घराला सांगायचं असतं. घरात अजून लहान पिल्लं असतील तर आलेल्याला दोन आठवडे वेगळ्या खोलीत ठेवा, भांडी आणि चादर वेगळी, लसीचं कार्ड तपासून घ्या. मग नवा फोटो काढून जाहिरात पुन्हा टाका, आणि ते कोणत्या कारणाने परत आलं हे त्यात खरं खरं लिहा.